एसी घेण्याआधी स्लॅबकडे बघा

मुंबईत स्वतःचं घर स्वतः कोण बांधतं, असं लोक मला विचारतात. गावठाणं, कोळीवाडे, वसई-उत्तनच्या वाड्या आणि बदलापूर-कर्जतचे प्लॉट इथून आलेली पत्रं त्यांना दाखवावीत असं वाटतं. फ्लॅटच्या भिंती फोडून नव्याने घर लावणारेही मी यातच धरते. या वेळी त्यातलीच काही पत्रं.

वसईत आजोबांच्या कौलारू घराच्या जागी तळमजला अधिक एक असं घर बांधतोय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, वरच्या मजल्यावर उकडणारच, प्रत्येक खोलीत दीड टनाचा एसी लावून टाका. ताई, दुसरा उपाय आहे का?

आहे, आणि तो स्लॅब पडल्यावर लगेच करायचा असतो. मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावरून जातो. भर दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. उन्हाळ्यातला मुख्य मारा भिंतींवर नसतो, छपरावर असतो. आजोबांची कौलं पातळ होती, फटींतून वारा खेळायचा, दिवेलागणीला ती निवून जायची. स्लॅबचं तसं नाही. तो दिवसभर उष्णता पोटात घेतो आणि रात्री दहाला तुम्ही आडवे झालात की खोलीत सोडू लागतो. पंखा लावला की गरम वारा येतो तो त्यामुळे.

घरांसाठी 2018 साली केंद्राने ‘इको निवास संहिता’ आणली. छतातून उष्णता किती झिरपावी याची त्यात मर्यादा आहे: यू-मूल्य 1.2. हा आकडा जितका कमी, तितकी उष्णता कमी झिरपते. उघडा स्लॅब या आकड्याच्या दुपटीहून वर जातो. तो खाली आणायला फार काही लागत नाही. स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर 40-50 मिलिमीटरची एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमची) शीट, मग उताराचा कोबा आणि शेवटी पांढरी चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी. क्रम महत्त्वाचा. खालून थर्मोकोल लावून वर पीओपी करून देतो असं कोणी म्हणेल. त्याने खोलीला थोडा आराम पडतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच, रोज फुगतो-आक्रसतो, आणि गळतीला वाट मिळते.

पैसे कमी असतील तर निदान पांढरा परावर्तक रंग द्या. पण आपल्याकडे पहिल्याच पावसात गच्ची शेवाळाने काळी होते आणि काळी गच्ची ऊन परतवत नाही. दर ऑक्टोबरात घासून घ्यावी लागेल, हे धरून चाला. पश्चिमेच्या भिंतीला एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या पोकळ्या असलेले हलके सिमेंटचे ठोकळे, वापरा. सांध्यांवर चिकनमेश (तारेची बारीक जाळी) मारल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नका, नाहीतर तडे जातात. त्या बाजूच्या खिडकीवर आडवा छज्जा फारसा उपयोगी नाही, कारण चारनंतरचं ऊन तिरपं, थेट आत येतं. तिथे बाहेरून जाळी किंवा बांबूची चिक हवी. आतल्या पडद्याला अडण्याआधीच ऊन काचेतून घरात आलेलं असतं.

हे सगळं झाल्यावर एक उन्हाळा काढा आणि मग एसी ठरवा. बहुधा एका झोपायच्या खोलीत लागेल, आणि तोही दीड टनाचा लागेलच असं नाही.

गोरेगावात फ्लॅटचं काम काढलंय. दीड टनाचा एसी तीन स्टारचा घ्यावा की पाच? दुकानदार पाचवर अडून बसलाय.

दुकानदाराला तुमच्या घरात एसी किती तास चालणार हे माहीत नाही. लेबलवरचा वर्षाचा युनिटांचा आकडा 1600 तास धरून काढलेला असतो. दीड टनात तीन आणि पाच स्टारमध्ये त्या हिशेबाने साधारण दोनशे ते अडीचशे युनिटांचा फरक पडतो. तुम्ही लिहिलंय, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर, फक्त रात्री. नव्वद रात्री, सात तास, म्हणजे 630. फरक उरला ऐंशी ते शंभर युनिटांचा. युनिट दहा रुपयांना धरलं तर वर्षाला आठशे-हजार रुपये. किमतीतला फरक आठ-दहा हजार असेल तर तो फिटायला आठ-दहा वर्षं. खाऱ्या हवेत बाहेरची कॉइल तेवढी टिकते का, हे समुद्राजवळच्या शेजाऱ्यांना विचारा. तीन स्टार घ्या आणि उरलेल्या पैशांत खिडक्यांना सनफिल्म लावा.

मात्र घरात दिवसभर कोणी आजारी माणूस असेल, किंवा घरूनच काम चालत असेल, तर हेच गणित उलटतं. 2400 तास चालणाऱ्या एसीला पाच स्टारच हवा. वरचे पैसे तीन वर्षांच्या आसपास फिटतात.

दोन गोष्टी मात्र बघाच. युनिटचा दर घेताना बिलातला सरासरी दर घेऊ नका. आपले टप्पे 100, 300, 500 असे चढत जातात, आणि एसीची युनिटं नेहमी वरच्या टप्प्यात पडतात. दुसरं, तारे मोजण्याऐवजी लेबलवरचा आयएसईईआर हा कार्यक्षमतेचा आकडा (जास्त तो चांगला) आणि लेबलची मुदत वाचा. 2022 च्या जुलैत निकष कडक झाले तेव्हा कालचा पाच स्टार एका रात्रीत चार स्टार झाला होता. दुकानात जुना माल असेल तर नुसत्या ताऱ्यांवरून कळत नाही.

नागपूरची वहिनी म्हणते एसीचे चोचले कशाला, कूलर आणा. आणू का?

वहिनींचं त्यांच्या गावी बरोबर आहे. तिथली मेमधली हवा 44 अंशांची पण कोरडी असते. त्या हवेत पाणी पटकन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे कूलरमधून 27-28 अंशांचा झोत मिळतो. मुंबईची हवा 33 अंशांची, पण आधीच ओली. कूलर फार तर चार-पाच अंश उतरवेल आणि वर आणखी ओल भरेल. घाम वाळणार नाही, आठवड्यात चादरींना कुबट वास येईल. वहिनींना सुट्टीत मुंबईला बोलवा आणि पंख्याखाली बसवा.

बाथरूम लहान आहे. गॅस गीझर स्वस्तात पडतो म्हणून तो आतच बसवतोय. चालेल ना?

नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळ करता करता खाली बसतो, उठत नाही. अशा बातम्या दर हिवाळ्यात वाचतो आपण. लावायचाच असेल तर बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा ड्राय एरियात (कपडे वाळवायच्या उघड्या जागेत), धूर बाहेर नेणाऱ्या नळीसह; आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ द्या.

आणि मुळात एवढी काटकसर कशासाठी? पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला साधारण 0.35 युनिट लागतं. चौघांच्या चार बादल्या म्हणजे दीड युनिटसुद्धा नाही. विजेच्या गीझरचं बिल वाढतं ते तो दिवसभर चालू ठेवल्याने. आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, झालं की बंद करा.

तीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे आणून स्वतःच बसवले. एक गुरगुरतो आणि मधेच थांबतो. परत करू?

भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच आहे का? या पंख्यांचा वेग रिमोटने, आतल्या सर्किटमधून बदलतो. रेग्युलेटर काढून तिथे साधा स्विच लावा, गुरगुर बहुतेक थांबेल. नाही थांबली तर परत करा. पंखे मात्र योग्य घेतलेत. जुना पंखा 75 वॅट खातो, हा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला वीसेक युनिटं वाचतात, एका पंख्यामागे. मुंबईत पंखा बारा महिने फिरतो, म्हणून इथे हे पैसे एसीच्या ताऱ्यांपेक्षा लवकर वसूल होतात.

मरोळ गावठाणात घर बांधतोय. प्लास्टरआधी वायरिंगचं काय काय करून ठेवू? वायरमन म्हणतो नंतर बघू.

नंतर म्हणजे नवं प्लास्टर फोडून. एसी आणि गीझर, प्रत्येकाची वायर थेट डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचबोर्डापासून) स्वतंत्र: एसीला 4 स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची, गीझरला 2.5. दिव्यांच्या लाइनवर कधीच नको. डीबीमध्ये 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. मुंबईच्या ओल्या भिंतींत तो जीव वाचवतो. अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय ना, हे उभं राहून बघा.

एसीचा ड्रेन पाइप आताच भिंतीत घाला, पूर्ण लांबीत उतार देऊन. आउटडोअर युनिटची जागाही आताच ठरवा. माझ्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने सगळ्या मजल्यांची युनिटं एका अरुंद डक्टमध्ये कोंबली होती. खालच्यांनी फेकलेली गरम हवा माझं युनिट ओढायचं. पाच स्टारचा एसी, पण मेच्या रात्री धापा टाकायचा. शेवटी तो मी बाल्कनीबाहेर हलवला, भिंत फोडून. हा डक्ट नकाशात होता आणि मी नकाशा तीन वेळा पाहिला होता.

फ्रिजचं कपाट सुतार अगदी मापात करून देतो, दिसायला छान. मागे आणि वर हवा जायला जागा सोडायला लावा, नाहीतर कॉम्प्रेसर थांबायचंच नाव घेत नाही. ओट्यावर इंडक्शनसाठी 16 अँपिअरचा एक पॉइंट ठेवा. आणि गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा 32 मिलिमीटरचा पाइप सोडून द्या. का, ते पुढच्या पत्रात.

उत्तनला घर आहे, गच्ची मोकळी आहे. सोलर बसवावं का? पावसाळ्यात काय?

बसवा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरगुती सोलरला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 रुपये आणि तीन किलोवॅट किंवा जास्त असेल तर एकूण 78,000 रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट उघडी जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटं मिळतात. पावसाळ्यात उत्पादन बरंच उतरतं, पण नेट मीटरिंगमुळे उन्हाळ्यात जास्तीची झालेली वीज खात्यावर जमा होते आणि त्या दिवसांत वळती होते.

पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता जाऊन बघा. ओळीतल्या एका पॅनेलवर सावली पडली तरी अख्खी ओळ मंदावते. समुद्र जवळ आहे, म्हणून पॅनेलचा सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, घ्या. रंग मारलेलं लोखंड तिथे दोन पावसाळ्यांत गंजू लागतं. आणि सांगाडा सात-आठ फूट उंच करून घेता आला तर स्लॅबवर सावली राहील, पापड-सांडगे वाळवायला एक कोपरा मात्र उन्हाचा सोडा.