मॅरेथॉनमध्ये (42.195 किमी) साडेचारवरून सव्वाचार तासांवर यायचं असेल तर

म्हणजे किलोमीटरमागे 6:24 ऐवजी 6:03 (मिनिटं:सेकंद). त्यासाठी रोज जोरात पळू नकोस. बहुतेक किलोमीटर गप्पा मारता येतील अशा वेगाने, सात मिनिटांच्या आसपास. टेम्पो, म्हणजे शर्यतीपेक्षा थोडं जलद, सलग पळणं, आठवड्यातून एकदाच: 2 किमी वॉर्म-अप, 6 किमी 5:40 ने, मग 2 हळू.

खरा फरक रविवारच्या लाँग रनने पडतो. 30 किमीपैकी शेवटचे 10 किमी 6:03 ने पळ. दमलेल्या पायांनी वेग धरायची सवय तिथेच लागते. मुंबई मॅरेथॉनमध्ये वर्षानुवर्षे पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर पुन्हा येत आला आहे. सुरुवातीला 5:45 ने सुटलेले तिथे चालायला लागतात, ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेली साखर) संपलेलं असतं. म्हणून एनर्जी जेल (साखरेचं घट्ट पाकीटबंद द्रव) दर 40 मिनिटांनी, थकवा जाणवायच्या आधीच, पाण्यासोबत. पोटाला ती सवय सरावातच लाव. शर्यतीआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत अंतर कमी कर, वेग तोच ठेव.