खिडक्या गळतात, म्हणून ठेव मोडायची का?

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त. सहकारनगरमध्ये १९८६ सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. सहा वर्षांपूर्वी लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवल्या, पण काम धड झालं नाही. पश्चिमेच्या दोन खोल्यांत पावसाळाभर पाणी येतं, भिंतीचे पोपडे पडतात. सातही खिडक्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) करायला ३,४०,००० रुपये सांगितलेत. एकरकमी दिल्यास ३,०५,०००, नाहीतर २४ ‘बिनव्याजी’ हप्ते. एसीचं बिलही निम्मं होईल म्हणतात. दुसरा कारागीर आहेत त्याच खिडक्या ३२,००० रुपयांत नीट करून देतो म्हणतो. पेन्शन ४२,०००, खर्च ३१,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख (तीन वर्षं झाली), एफडी ४ लाख. सोसायटीत रिडेव्हलपमेंटचीही चर्चा आहे. काय करावं?

उत्तर: रिडेव्हलपमेंटचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच आहे. यूपीव्हीसीच्या खिडक्या मापाने बनवतात. इमारत पाडली की त्या नव्या फ्लॅटला बसत नाहीत, आणि बिल्डर भरपाई ठरवतो ती कार्पेट एरियावर, तुमच्या खिडक्या बघून नाही. तेव्हा आधी सेक्रेटरींना विचारा, गाडी कुठवर आलीय. नुसत्या जिन्यातल्या गप्पा आहेत, की सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली सर्वसाधारण सभा होऊन आर्किटेक्ट नेमला, फिजिबिलिटी रिपोर्ट (पुनर्विकास जमेल का, परवडेल का याचा अहवाल) आला? गप्पा पुण्यात दहा-दहा वर्षं चालतात. रिपोर्ट हातात असेल, तर मात्र तीन लाखांच्या खिडक्यांचा विचार सोडा.

आता गळतीकडे वळू. तुमच्या खिडक्या सहाच वर्षांच्या आहेत. ॲल्युमिनियम एवढ्यात खराब होत नाही. बिघडलंय ते बसवणं. फ्रेम आणि भिंत यांच्यामधली फट भरली नसेल, खालच्या ट्रॅकमधली पाणी जाण्याची भोकं बुजली असतील किंवा पाडलीच नसतील, नाहीतर खालच्या कडप्प्याला बाहेरऐवजी आत उतार असेल. हे शोधायला पावसाची वाट बघू नका. खिडकी बंद करून बाहेरून पाइपने पाणी सोडा, आधी खालच्या भिंतीवर, मग फ्रेमच्या कडेला, शेवटी काचेवर आणि ट्रॅकमध्ये. प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबा. आतून कोणीतरी बघत राहायला हवं. (तिसऱ्या मजल्यावर बाहेर वाकून नको, कारागिराकडून करवून घ्या.) भिंतीवर पाणी सोडल्यावरच आत ओल दिसली, तर दोष बाहेरच्या भिंतीचा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) पावसाच्या पाण्याची गळती थांबवणं सोसायटीच्या खर्चात येतं. तसा लेखी अर्ज द्या, फोटो जोडा. अशा भिंतीवर नवी खिडकी बसवली तरी पाणी येतच राहणार.

एसीचं म्हणाल, तर पुण्यात तो चालतो मार्च ते मे. एसीमुळे बिल महिन्याला १,५०० रुपयांनी वाढतं असं धरलं आणि ते खरंच निम्मं झालं, तरी वर्षाला वाचले सव्वादोन हजार. ३,०५,००० वसूल व्हायला सव्वाशेहून जास्त वर्षं! खिडक्या आराम म्हणून घ्या, आवाज कमी व्हावा म्हणून घ्या, पण बचतीचं कारण देऊन नको.

‘बिनव्याजी’ हप्त्यातही व्याज आहेच. एकरकमी किंमत ३,०५,००० असताना महिना १४,१६७ रुपयांप्रमाणे २४ हप्ते भरणं म्हणजे साडेदहा टक्क्यांच्या पुढचं कर्ज. शिवाय पेन्शनमधून तुमचे ११,००० उरतात, म्हणजे हप्ता त्यातही बसत नाही. ज्येष्ठ नागरिक योजनेला तर हातच लावू नका. त्यातून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत, खातं पूर्ण बंद करावं लागतं, आणि दोन वर्षांनंतर पण मुदतीआधी बंद केल्यास १ टक्का म्हणजे १५,००० कापले जातात. वर त्या खात्याचं तिमाही व्याजही थांबतं. एफडीचे ४ लाख हा तुमचा दवाखान्याचा पैसा आहे. त्यातले तीन लाख खिडक्यांवर घालवून उरलेल्या एका लाखावर या वयात निवांत झोप लागेल असं मला वाटत नाही.

म्हणून मी ३२,००० च्या बाजूने आहे, आणि तेही सातही खिडक्यांवर नाही. गळणाऱ्या पश्चिमेच्या खिडक्या आधी, मेच्या मध्यापर्यंत. पैसे दोन-तीन महिन्यांच्या शिलकीतून निघतील. त्याला फ्रेम काढून पुन्हा ओळंब्यात बसवायला सांगा. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन फासणार असेल तर दुसरा माणूस बघा. निदान २० टक्के रक्कम जुलैतले दोन जोरदार पाऊस होईपर्यंत हातात ठेवा आणि हे आधीच कागदावर लिहून घ्या.

रिडेव्हलपमेंट बारगळली आणि दोन पावसाळ्यांनंतरही गळती राहिली, तर यूपीव्हीसीचा विचार पुन्हा करू, एका वेळी दोन-तीन खिडक्या. तोवर दरमहा ५,००० चं आरडी सुरू करा. त्या वेळी कोटेशनमध्ये वॉरंटी नीट वाचा: बहुतेक ठिकाणी ती प्रोफाइलची, म्हणजे चौकटीच्या पट्ट्यांची असते, बसवण्याची नसते.