बंद रेंज की मोकळी? कानाचं सगळे विचारतात, हवेचं कोणी विचारत नाही

तुमचा प्रश्न असा: साताऱ्यात राहून तुम्हाला आणि तुमच्या बारा वर्षांच्या मुलीला रायफल शूटिंग शिकायचंय, तर हॉलमधली बंद रेंज बरी की मोकळ्यावरची? आवाजाचा आणि धुराचा त्रास किती, आणि खरी मजा कुठे? मी कोच नाही. हौस म्हणून बरीच वर्षं दोन्हीकडे फायर करतोय, त्या जोरावर सांगतो.

रेंज बंद की मोकळी हे नंतर बघू. आधी हातात काय असणार ते विचारा. एअर रायफल आणि पॉइंट टू-टू (.२२ इंच कॅलिबरची, बारुदीच्या काडतुसाची रायफल) हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि कान-छातीचा सगळा हिशोब तिथेच बदलतो.

एअर रायफलमध्ये बारूद नसतेच. सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत दाबून भरलेली हवा ४.५ मिलिमीटरचं पेलेट, म्हणजे छर्रा, १० मीटरवर ढकलते. पेलेटचा वेग सेकंदाला १७०-१७५ मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे ‘ठो’ वगैरे काही होत नाही. नळीपाशी एक कोरडा ‘टप्’ आणि लगेच समोर पेलेट आपटल्याचा ‘टक्’. पहिल्यांदा बघायला आलेले पाहुणे हमखास विचारतात, “एवढाच?” अशा हॉलमध्ये डोकं उठवतो तो सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर, आणि मागे बाकावर बसून मोबाइलवर रील्स बघणारे पालक. बरीच पोरं इथे इअर प्लग घालतात ती कान वाचवायला नाही, लक्ष लागावं म्हणून.

पॉइंट टू-टूची गोष्ट वेगळी. एनसीसीत चटईवर पालथं पडून ज्यांनी पाच राउंड मारलेत, त्यांना फायरिंगनंतर कानात ‘सुंऽऽ’ वाजलेलं आठवत असेल. तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. खरं तर कानाने दिलेला तो इशारा असतो. टू-टू रायफलचा आवाज नळीपाशी १४० डेसिबलच्या घरात जातो, पिस्तूल त्याहून जास्त, बारा बोअरची छऱ्यांची बंदूक आणि मोठ्या कॅलिबरची हत्यारं १५०-१६० च्या पुढे. अशा क्षणिक आवाजासाठी १४० ही धोक्याची रेघ मानतात. बंद खोलीत तोच आवाज भिंतीवरून, स्लॅबवरून परत अंगावर येतो, त्यामुळे शेजारच्या लेनचा दणका आपल्या दणक्यापेक्षा जास्त लागतो. विशेषतः शेजारी पिस्तूलवाला असला तर. वर पत्र्याचं छप्पर असेल तर विचारूच नका.

पण म्हणून मोकळ्यावर कान उघडे टाकून चालत नाही. यवतेश्वरच्या डोंगरावरून घुमून येणारा आवाज ऐकायला भारी वाटतो, इजा मात्र तुमच्या कानापासून हातभरावर झालेल्या स्फोटाने होते. तो आत-बाहेर सारखाच. कापसाचा बोळा काही कामाचा नाही. प्लग आत आणि वर इअर मफ (हेडफोनसारखं कान झाकणारं), असं दोन्ही घाला. दोघं किती डेसिबल अडवतात ते आकडे बेरजेत धरायचे नाहीत. चांगल्या एकावर दुसरं चढवलं की जेमतेम पाचेक डेसिबलची भर पडते, पण बंद हॉलमध्ये तीही मोलाची. चष्मा असेल तर काडीपाशी मफ उचलला जातो आणि तिथून आवाज शिरतो. काडी बारीक असलेली फ्रेम बघा.

आता हवेकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कानाला लागलं की निदान कळतं. शिसं कळत नाही. नेहमीच्या काडतुसाच्या प्रायमरमध्ये (बारूद पेटवणाऱ्या मसाल्यात) शिशाचं संयुग असतं आणि टू-टूची गोळी बहुधा उघड्या शिशाची. प्रत्येक फायरला त्याची बारीक वाफ आणि धूळ नाकाजवळच सुटते. तुम्हाला येतो तो बारुदीचा वास. शिशाला वास नाही. लहान मुलांच्या पोटात गेलेलं शिसं त्यांचं शरीर मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषून घेतं, आणि मेंदूवरचा त्याचा परिणाम भरून येत नाही.

म्हणून जिथे बारुदीचं फायरिंग चालतं अशा बंद रेंजवर हवा शूटरच्या पाठीमागून यायला हवी, त्याच्या अंगावरून पुढे सरकून टार्गेटच्या बाजूने बाहेर पडायला हवी. तज्ज्ञ सुचवतात तो वेग फायरिंग लाइनवर मिनिटाला ७५ फूट, म्हणजे जेमतेम २३ मीटर. अंगाला झुळूक जाणवेल इतकाच, पण सगळीकडे सारखा आणि एकाच दिशेने. आत येते त्यापेक्षा थोडी जास्त हवा बाहेर खेचली पाहिजे, नाहीतर आतली धूळ दारातून ऑफिसात आणि चहाच्या टेबलावर येते.

आपल्याकडे काय दिसतं? कॉम्प्लेक्सचा गाळा किंवा बेसमेंट, चकाचक लाइट, दोन स्प्लिट एसी. मालक अभिमानाने सांगतो, “फुल एसी आहे सर.” अहो, स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून परत तोंडावर मारतो, ती बदलत नाही. छताचा पंखा तर पुढे गेलेला धूर उचलून मागे आणतो. आणि एक्झॉस्ट पंखा शूटरच्या पाठीमागच्या भिंतीत असेल तर सगळा धूर नाकावरूनच बाहेर जाणार.

तपासायची सोपी रीत आहे. फायरिंग बंद असताना, परवानगी घेऊन, फायरिंग लाइनवर छातीच्या उंचीला एक उदबत्ती धरा. धूर सरळ टार्गेटकडे गेला तर ठीक. जागच्या जागी गोल फिरला किंवा तुमच्याकडे वळला, तर तिथे मुलीला टू-टू फायर करू देऊ नका. झाडलोट कशी होते तेही बघा. कोरड्या केरसुणीने झाडत असतील तर बसलेलं शिसं रोज पुन्हा उडतं. ओल्या फडक्याने पुसत असतील तर मालकाला कळतंय म्हणायचं.

एअर रायफलच्या हॉलमध्ये हा धूर नाही, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलीसाठी मी डोळे झाकून तेच सांगेन. तरी पेलेट शिशाचंच असतं. बोटं काळपट होतात ती त्यानेच. काही पोरांना लोड करताना पुढचं पेलेट ओठात धरायची खोड लागते, ती पहिल्याच दिवशी मोडा. हात साबणाने धुतल्याशिवाय डबा नाही, वडापाव नाही, पेढाही नाही. रेंजचे कपडे घरी वेगळे धुवा. हॉलची हवा इथेही लागतेच, पण वेगळ्या कारणाने: ते जाड कॅनव्हासचं जॅकेट चढवून एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली उभं राहिलं की पोरांना गरगरायला लागतं.

मोकळ्या रेंजवर वारं असतं म्हणून शिशाची काळजी मिटली असंही नाही. वारं समोरून आलं की धूर तोंडावरच. शिवाय टार्गेटमागच्या मातीच्या बांधात वर्षानुवर्षं गोळ्या साठतात आणि आपल्याकडच्या पावसात तो बांध वाहतो. खाली ओढा किंवा विहीर असेल तर क्लबने काय सोय केलीय ते विचारा.

मजेचं म्हणाल तर माझा कल उघड आहे, मला मोकळं आवडतं. १० मीटर एअर रायफलला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. आत वारा नाही, ऊन नाही, त्यामुळे गोळी बाहेर गेली तर दोष द्यायला दुसरं कोणी नाही. श्वास रोखल्यावर साइटमध्ये (नेम धरायच्या भिंगात-कड्यात) स्वतःच्या छातीचा ठोका हलताना दिसतो. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत ट्रिगर सुटून स्क्रीनवर १०.८ (कमाल १०.९) आला की दिवस सार्थकी लागतो. ही मजा शांत लोकांची.

५० मीटरला मात्र समोर वारा असतो. रेंजवर १० आणि ३० मीटरला छोटे झेंडे लावतात. मी बालेवाडीला गेलो की निम्मा वेळ रायफल खांद्याला लावून नुसते झेंडेच बघत असतो. जवळचा झेंडा पडलेला आणि लांबचा फडफडतोय, अशा वेळी थांबायचं की साइट फिरवायची? दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, हलक्या झुळकेनेही गोळी त्यातून बाहेर जाते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघत वाढलेल्या माणसाला वारा काय ते शिकवायला नको, पण त्याच्याशी सौदा करायला वर्षं जातात. शेजारच्या कोल्हापूरने हा खेळ आपलासा केलाय: तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (पालथं पडून मारायच्या प्रकाराची) जागतिक विजेती झाली, स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य घेतलं. आणि फायनलला शांतता असते असं समजू नका. तिथे मुद्दाम संगीत लावतात, लोक ओरडतात, त्यातच फायर करायचं.

तरी सुरुवात आतच करा. बाहेर नवख्याला कळत नाही की चूक आपली की वाऱ्याची. प्रवेश घेण्याआधी एकदा रविवारी संध्याकाळी, सगळ्या लेन चालू असताना जाऊन मागे उभे राहा. डोळे चुरचुरले किंवा जिभेवर धातूची चव आली तर फी विचारायच्या आत बाहेर पडा. रायफल लगेच विकत घेऊ नका, क्लबची चालते. पुढे टू-टूकडे वळलात तर मुलीसाठी मफ मात्र स्वतःचा आणि कमी जाडीचा घ्या. क्लबचे मोठ्यांच्या मापाचे असतात, तिने गाल बटवर (रायफलच्या दस्त्यावर) टेकवला की ते अडतात आणि कानावरून सरकतात.