आडनाव बाजूला ठेवा, जमीन विचारा

प्रश्न : नमस्कार ताई. माझे पणजोबा गोव्यातून मुंबईला आले आणि गिरगावात राहिले. आमची कुलदेवता कवळ्याची श्री शांतादुर्गा. आडनाव नायक. मूळ गाव सांगू शकणारे आता घरात कोणी उरले नाही. आडनावावरून बराच शोध घेतला, हाती काही लागत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भाऊ, आडनाव तूर्त बाजूला ठेवा. नायक हे आडनाव गोव्यात किती गावांत आणि किती जातींत आहे, त्याला गणती नाही. फोंड्याच्या नोटरी कचेरीत माझ्या नोकरीची वर्षे गेली ती जुन्या पोर्तुगीज दस्तांच्या नकला काढण्यात. एकाच गृहस्थाचे नाव एका दस्तात नुसते ‘रामचंद्र शेणवी’, पुढच्या दस्तात त्याला गावाचे नाव जोडलेले, आणि मुलाच्या लग्नाच्या नोंदीत तिसरेच काही, हे तिथे रोजचे होते. आपल्याकडे माणूस कागदावर आला तो देवामुळे आणि जमिनीमुळे. शोधही त्याच वाटेने करायचा.

देव तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे अर्धी वाट झाली. १५४० नंतर तिसवाडीत आणि १५६०च्या दशकात साष्टी-बार्देशात देवळे पाडली गेली, तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात नेले. तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला, कामाक्षी रायहून शिरोड्याला. दामोदर मडगावहून जांबावलीला गेला. तुमची शांतादुर्गा केळशीची. केळशी जुन्या साष्टीतले गाव, आज मुरगाव तालुक्यात येते. मात्र देवीचे गाव तेच आपले गाव, असे लगेच धरून चालू नका. एका देवळाचे महाजन, म्हणजे देवस्थानचे हक्कदार सभासद, कितीतरी गावांत विखुरलेले असतात. केळशी हा शोधाचा पहिला मुक्काम समजा.

पुढची पायरी महाजनांची यादी. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये देवळांच्या कारभारासाठी नियम केले आणि १९३३ मध्ये ते नव्याने लागू केले. त्यामुळे देवळांना आपल्या महाजनांची नोंद ठेवावी लागली. ही यादी देवस्थानच्या कचेरीत बघायला मिळते आणि देवालयांचा कारभार मामलेदाराकडे असल्याने त्या तालुक्याच्या मामलेदार कचेरीतही विचारता येते. जत्रेच्या दिवसांत जाऊ नका. कमिटीच्या लोकांना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. साध्या दिवशी सकाळी जा, नारळ ठेवा आणि पणजोबांचे, त्यांच्या वडिलांचे नाव घेऊन विचारा. देवळातल्या भटजींना आणि जुन्या सेवेकऱ्यांना कोणत्या कुळाचा अभिषेक कधी असतो, ते पाठ असते. मुंबईकडची कित्येक घराणी आजही वर्षासनाचे पैसे पाठवतात आणि त्याच्या पावतीवर मूळ गावाचे नाव असते. तुमच्या घरातल्या देवघराच्या खणात अशी एखादी पावती आहे का, ते आधी बघा.

आता जमिनीकडे येऊ. हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण पोर्तुगीज पासपोर्टाच्या कामापलीकडे या कागदांकडे कोणी वळत नाही, आणि आपल्या घराण्यांचा खरा इतिहास तर तिथेच पडून आहे.

गोव्यात १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा लागू झाला आणि वारसाहक्काची कागदपत्रे त्याप्रमाणे होऊ लागली. घरातला मालमत्तावाला माणूस वारला की वाटपासाठी कोर्टात इन्व्हेंटरी चाले. तिच्यात मृताचे नाव, त्याचे आईवडील, बायको, सगळी मुले, जी आधी वारली त्यांची मुले, प्रत्येकाचे वय, कोण कुठे राहतो, मुलगी कोणाला दिली, हे सगळे येते. खाली मालमत्ता : माडांचे भाट, शेत, घर, विहिरीतला हिस्सा, सोने, तांब्याची भांडी, कोणाचे किती देणे. वाटप आपसांत झाले असेल तर नोटरीपुढे वारसांचा दस्त होई, ज्याला आपण आज सक्सेशन डीड म्हणतो. तुमचे पणजोबा मुंबईला गेले, पण त्यांचे वडील गोव्यात वारले असतील आणि थोडी जरी जमीन असेल, तर त्या कागदात ‘मुंबईत राहणारा मुलगा’ म्हणून पणजोबांचे नाव येण्याची शक्यता खूप आहे. एका कागदात तीन पिढ्या हाती येतात.

आणि भाऊ, एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. देवळाच्या यादीत पुरुष. गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, वहीत पुरुष. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही मुख्यतः पुरुषांच्याच वंशावळी सांगतात. इन्व्हेंटरीत मात्र मुलींची नावे असतात, कारण कायद्याने त्यांना वाटा होता. विधवेचेही नाव असते, अर्ध्या मालमत्तेची मालकीण म्हणून. किती घरांतल्या पणजीचे, खापरपणजीचे नाव कोणालाच ठाऊक नसते, ते मी अशा कागदांतून वाचून दाखवले आहे. वंशावळ काढायला बसलात तर बायकांची नावे गाळू नका. ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर थांबू नका.

जन्म, लग्न आणि मृत्यूच्या सरकारी नोंदी १९१०च्या दशकापासून पुढे तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मिळतात. पोर्तुगीज पद्धतीच्या जन्मनोंदीत आईवडिलांसोबत दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावे लिहीत. म्हणजे १९२५ साली जन्मलेल्या तुमच्या एखाद्या चुलत आजोबांची नोंद सापडली, तर तिच्यातले आजोबा-आजी एकोणिसाव्या शतकातले निघतात. पणजोबांचीच नोंद हवी असा हट्ट धरू नका. त्यांच्या मागे राहिलेल्या भावाच्या मुलांची शोधा.

शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या पोर्तुगीज याद्या आडनावाने लावलेल्या नसतात, पहिल्या नावाने असतात. नायक शोधत बसलात तर दिवस फुकट जाईल, विठ्ठल किंवा अनंत शोधा. दुसरे, लिखाण. ‘श’साठी एक्स हे अक्षर, ‘के’ किंवा ‘की’साठी क्यू. शेणवी बहुतेक वेळा सिनाय होऊन येतो, प्रभूचा पोरोबो होतो, पैंचा पोय, कामतांचा कामोतीं, केणींच्या आरंभी क्यू. नायक लिहितानाही शेवटी क्यू आणि ई असते. हे एकदा डोळ्यांत बसले की पान भराभर वाचता येते, पोर्तुगीज येत नसले तरी.

पणजीच्या पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली स्थापन झालेले. तिथे दुर्मीळ विभागात पोर्तुगीज सरकारचे जुने गॅझेट बघायला मागा. ते १८३७ पासून निघत होते. नेमणुका, लिलाव, वारसांना हजर होण्याच्या सूचना, सगळे त्यात छापून येई. परदेशी किंवा मुंबईला गेलेल्या वारसाला कोर्ट गॅझेटातून बोलावी.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण या नव्या काबिजादीतले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढेच : तुमच्याकडे पोर्तुगीज अंमल अठराव्या शतकात आला. फोंडा १७६३ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. त्याआधीचे कागद सावंतवाडीकर किंवा सौंदेकरांच्या अमलातले, आणि पेडण्यासारख्या भागात मोडीतले. मोडी वाचणारा माणूस सोबत हवाच. नाहीतर स्वतः शिका. अक्षर बसायला थोडे महिने लागतात, आणि मग आयुष्यभर पुरते.

प्रश्न : आम्ही साष्टीतले गावकर. गोव्यात आमचे पूर्वज कधी आले, हे नक्की कुठे कळेल? घरात सगळे परशुरामाची कथा सांगतात. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मला पुरावा हवा आहे.
— एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : बाळ, परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि साष्टीत सहासष्ट, तिसवाडीत तीस कुळे वसवली, ही आपली परंपरा आहे आणि ती मनात जपावी. सह्याद्रिखंडात ती येते. डॉ. जर्सन द कुन्हा यांनी १८७७ मध्ये ते छापून आणले. पण हा ग्रंथ वेगवेगळ्या काळात भर पडत वाढलेला आहे, त्यावरून साल काढायला जाऊ नकोस. शिवाय त्यात ब्राह्मण कुळांचीच कथा मुख्य आहे. गावडे, कुणबी, वेळीप यांच्या वस्त्या, त्यांचे मांड म्हणजे गावातल्या पवित्र जागा, त्यांची देवस्थाने बघितल्याशिवाय गोव्याच्या आद्य वसाहतीवर एक ओळही लिहू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रकल्पासाठी तुला एक कागद सांगते. १५२६ चा फोरल, म्हणजे गावांच्या हक्कांची आणि रिवाजांची सनद. अफोंसु मेशिया या पोर्तुगीज वसुली अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज विचारून लिहून घेतले. त्याच्या आरंभीच हकिकत आहे : पूर्वी चार माणसे पडीक बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीला आणली, वस्ती वाढली, आणि ज्यांनी आरंभ केला व कारभार नीट चालवला ते गावकर म्हणवले. सोळाव्या शतकात गावकर स्वतःबद्दल काय सांगत होते, ते इथे कळते. बाणाचा उल्लेख नाही, जमीन कसण्याचा आहे. मला ते वाचताना अभिमान वाटतो. आपले गाव कोणा राजाने दान दिले म्हणून उभे राहिले असे ते म्हणत नाहीत. बांध घालून, खाजनात म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत खारे पाणी अडवून, मानशीतून म्हणजे बांधाच्या झडपेतून पाणी सोडून लोकांनी ते उभे केले.

त्याही मागे जायचे तर पुरातत्त्व. कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर कोरलेली चित्रे आहेत, १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेत आली. चांदोर म्हणजे जुने चंद्रपूर, भोज राजघराण्याची राजधानी. तुझ्या घरापासून चांदोर लांब नाही. एका सकाळी जाऊन ये.

आता तुझ्या कुळासाठी : प्रत्येक गावच्या कोमुनिदादीत, म्हणजे गावकरीच्याच संस्थेत, गावकरांचे वांगड असतात, म्हणजे मूळ कुळांच्या शाखा. झोण, म्हणजे गावकराचा वार्षिक वाटा, मिळण्यासाठी मुलाचे नाव वडिलांच्या नावाशी जोडून वहीत चढवतात. त्यामुळे पिढ्यांची साखळी तुटत नाही. तुमच्या कोमुनिदादीच्या कारकुनाकडे आधी जा, मग मडगावला दक्षिण विभागाच्या प्रशासकाच्या कचेरीत. फिलिप नेरी झेवियर यांनी १८५२ मध्ये कोमुनिदादींवर पोर्तुगीजमध्ये मोठा ग्रंथ लिहिला, तो ग्रंथालयात माग. आणखी जुने दप्तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहे. ते दप्तर १५९५ पासूनचे, इतिहासकार दियोगु द कोउतु त्याचा पहिला रक्षक. पुढे पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालून ते लावले. त्यातली काही गावांची पाने कन्नड वळणाच्या गोयकानडी लिपीत आहेत. ती बघायला मिळाली तर नुसती बघ, वाचता आली नाहीत तरी चालेल.

प्रश्न : आमच्या कुळातली एक शाखा ख्रिस्ती झाली असे आजी सांगायची. ते लोक आज कोण, हे शोधता येईल का? शोधावे का?
— एक वाचिका, बेळगाव

उत्तर : शोधावे, जरूर शोधावे. बाप्तिस्मा घेताना बहुधा पोर्तुगीज आडनाव मिळे, आणि एकाच घरातल्या दोन भावांना दोन वेगळी आडनावे मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून इथेही आडनाव कामाचे नाही. गावच्या चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या वह्या बघाव्या लागतील. त्यासाठी पाद्रींना आधी पत्र लिहा, हेतू स्पष्ट लिहा. पण सोपी वाट वांगडाची. गावकराचा हक्क धर्म बदलला म्हणून गेला नाही, वांगड तेच राहिले. कित्येक गावांत आजही ख्रिस्ती घरांना आपले वांगड आणि जुना देव ठाऊक असतो. त्यांच्या दारी गेलात तर कागद मागू नका लगेच. बसा, आजीने सांगितलेले सांगा. ती माणसे तुमची आहेत, तशीच बोला.

प्रश्न : पणजोबांची पत्रे आणि मोडीतले काही कागद सापडलेत. तुकडे पडायला लागलेत. लॅमिनेट करून घेऊ का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : नको! लॅमिनेशनच्या उष्णतेने जुना कागद खराब होतो आणि पुन्हा सुटा करता येत नाही. सेलोटेपही लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून अक्षरे खातो. पावसाळा संपला की सावलीत वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको. मऊ ब्रशने धूळ आणि कसर झाडा. घडी उलगडताना जोर करू नका, घडीवरच शाई कागदाला खाऊन गेलेली असते. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि त्या प्रती दोन-तीन नातेवाइकांकडे ठेवा. मूळ कागद धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. फार जीर्ण असतील तर पणजीला पुराभिलेख खात्यात दाखवून सल्ला घ्या. आणि मोडी कोणाकडून वाचून घ्याल तेव्हा मूळ कागद हातात देऊ नका, फोटो द्या.