आजेसासूबाईंची कात्रणं

प्रश्न : माझे आजेसासरे नावाजलेले कथाकार. त्यांचे कागद एका साहित्यसंस्थेने जतनासाठी नेले. आजेसासूबाई 1960 ते 1975 एका मराठी दैनिकात नोकरीला होत्या; त्यांच्या कात्रणांच्या दोन पेट्या घरीच राहिल्या. बरीच कात्रणं बिननावाची आहेत, काहींना सेलोटेप लावलेली. एक प्रकाशक त्यांतले लेख आजेसासऱ्यांच्या समग्र वाङ्मयात परिशिष्ट म्हणून घेऊ म्हणतात. आजेसासूबाई 1991 मध्ये गेल्या. काय करावं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : प्रकाशकांना तूर्त थांबवा. नवऱ्याच्या ग्रंथाला जोडलेले लेख ग्रंथालयात नवऱ्याच्याच नावावर लागतात. बाईंचं नाव घेऊन शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत. आधी त्यांची स्वतंत्र सूची करा.

सुरुवात फोटोंपासून. प्रत्येक कात्रण पुढून आणि मागून टिपा किंवा 400 डीपीआयवर स्कॅन करा. तारीख कापली गेली असेल, तर मागच्या बाजूची सिनेमाची जाहिरात किंवा बाजारभाव ती शोधून देतात. सेलोटेप ओढू नका, कागदाचा पापुद्रा निघतो. गंजलेल्या टाचणीखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, मगच टाचणी काढा. लॅमिनेशन तर अजिबात नको : वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यातून आम्ल तयार होतं आणि तो आतल्या आत पिवळा पडत, तुटत राहतो, शिवाय लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. दोन कात्रणांमध्ये आम्लविरहित कागद घाला, नोंदी पेन्सिलीने त्या कागदावर करा. पेटी जमिनीवर ठेवू नका. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठवर येतं ते तुम्हाला सांगायला नको.

बिननावाचा मजकूर त्यांचाच, हे ठरवणं सगळ्यांत अवघड. लेखाची हस्तलिखित प्रत सापडली, तरी एकट्या हस्ताक्षरावर विसंबू नका. लेखकांच्या बायका नवऱ्याच्या हस्तलिखिताची सुवाच्य प्रत करून देत. म्हणजे अक्षर बाईंचं, मजकूर नवऱ्याचा, असंही असतं. खाडाखोड असलेला कच्चा खर्डा, मानधनाच्या मनीऑर्डरचं कूपन, संपादकांचं पत्र, त्या तारखेची डायरी यांतलं काहीतरी जोडीला हवं. दोन पुरावे जुळले तर ‘निश्चित’, एकच असेल तर ‘संभाव्य’ लिहा. मोह झाला तरी संभाव्य लेख निश्चितांत घालू नका. एक चुकीचा निघाला की सगळ्या सूचीवर शंका येते.

हक्कांचं : 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार वृत्तपत्राच्या नोकरीत लिहिलेला मजकूर वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. पुस्तकाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, लेखिकेचा आणि पुढे तिच्या वारसांचा. नावानिशी छापलेल्या लेखांवर तो 2051 च्या अखेरपर्यंत चालेल; बिननावाच्या लेखांची मुदत त्याआधी संपलेली असू शकते. आजेसासऱ्यांच्या पुस्तकांच्या करारात हे लेख आपोआप येत नाहीत. तेव्हा आजेसासूबाईंच्या सर्व वारसांची लेखी संमती लागेल. त्यांचं नोकरीचं नेमणूकपत्र मिळालं तर जपून ठेवा, वेगळा करार होता का ते त्यावरून कळू शकेल.

आणि त्या साहित्यसंस्थेला आजच पत्र टाका. नेलेल्या कागदांत बाईंची पत्रं, खर्डे, कूपनं नक्की मिसळली असतील. त्यांच्या प्रती मागा, आणि संस्थेच्या यादीत ती बाईंच्या नावाने वेगळी नोंदवायला सांगा.