काळ्या शेलचा तुकडा हातात आला तर

गड्या, जोतिबाचा डोंगर पालथा घालून आपली नजर बेसाल्टला सरावलेली असते. तुला फिनलंडच्या टालविवारा या निकेलच्या खाणीतला काळा शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला खडक, मिळालाय, तर त्यातल्या खनिजांना घाईनं नाव लावू नकोस.

आधी चुंबक दोऱ्याला टांगून जवळ ने. ओढला गेला, तर पायरोटाइट, म्हणजे लोह-गंधकाचं चुंबकीय खनिज, असण्याची शक्यता जास्त. तिथलं निकेल मुख्यतः पेंटलँडाइट या खनिजात असतं आणि ते पायरोटाइटला इतकं बिलगलेलं असतं की हातभिंगानं सहसा वेगळं ओळखू येत नाही. मग चाकूचं टोक लाव. कॅल्कोपायराइट या तांब्याच्या पिवळ्या खनिजावर ओरखडा उठतो. पायराइट हेही लोह-गंधकाचंच, पण त्याचं काठिण्य (१ ते १० च्या मापावर) ६ च्या वर, त्यावर उठत नाही. बोटाला काळं लागलं तर ते ग्रॅफाइट.

पण खरी काळजी आपल्या पावसाची. माझा एक नमुना जूनपासून कपाटात तसाच राहिला. दसऱ्याला पुडी सोडली तर पिवळट-पांढरी भुकटी, गंधकाचा वास, आणि आम्लानं खाल्लेली चिठ्ठी. कुठून आणला होता तेही गेलं, त्याची हळहळ अजून आहे. दमट हवेत पायराइट असाच सडतो, पायरोटाइट तर त्याहून लवकर. तेव्हा धुऊ नकोस, कोरड्या ब्रशनं झाड. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल घाल, आणि चिठ्ठी वेगळ्या पिशवीत ठेव. आजच.