चिप्सच्या पन्न्या गोळा करायला घेतल्या ना ताई, मग आधी एवढं पाहा

ताई, गावात चिप्स-बिस्किटाच्या पन्न्या गोळा करणं सुरू केलं हे वाचून लय बरं वाटलं, पण लगेच अख्खा गाव अंगावर घेऊ नका, आपल्या गल्लीतली दहा घरं धरा. आणि आधी माल नेणारा पक्का करा, किती किलोपासून नेतो, गाडी कोणाची, ते विचारा, मगच चुंगड्या भरा. आम्ही उलटं केलं, समाजमंदिरात अकरा चुंगड्या साचल्या, वरून पावसाळा लागला, उंदरांनी पार वाटोळं केलं.

मग वेगळं करणं. पन्नी आतून चांदीसारखी चकाकली तर तिच्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचा थर चिकटलेला असते, म्हणून कबाडीवाला हात लावत नाही, असा माल सिमेंटच्या भट्टीत कोळशासोबत जाळता येते, आणि सिमेंट कारखाने आपल्या चंद्रपूरकडे आहेतच. दुधाची पिशवी मात्र एकाच जातीच्या प्लास्टिकची, त्रिकोणात ४ आकडा, ती वेगळीच ठेवा.

नवीन लोक चुकतात ते धुण्यात. एक आंबूस पिशवी सगळी चुंगडी नासवते. भांडी घासून झाली की त्याच पाण्यात बुचकळायची, दोरीवर उलटी टांगायची. कोपरा पूर्ण कापू नका म्हणून बायांना सांगा, तो बोटाएवढा तुकडा थेट नालीत जाते.

आणि कपाशीच्या फवारणीचे डबे-पुड्या अजिबात घेऊ नका, कोणी कितीही म्हटलं तरी, पन्न्या निवडायला लहान लेकरं बसतात. कंपन्यांचं, ईपीआरचं, म्हणजे आपल्या पन्न्यांच्या कचऱ्याची जबाबदारी कंपनीनंच घ्यायची त्या नियमाचं, नंतर बोलू.